सत्यशोधकांच्या सभेंत प्रश्न कोणीं विचारावा?

(एका खेडेगांवच्या वाचनालयांत तरुण कार्यकर्त्यांपुढें केलेलें भाषण)



आपल्या चिटणिसांनीं आम्हांस येथें बोलाविलें तें जोतीराव फुल्यांच्या कार्यावर चार शब्द सांगण्यासाठीं. बोलावणें पोंचल्यावर त्यांनीं फोनवर हळूच सुचविलें कीं, "गुरुजी, वादाचं काही काढू नका, पोरं नवीन आहेत." आम्ही पेशानें शाळामास्तर. पोरें नवीन असतात म्हणूनच आमची भाकर चालते. तेव्हां वादाचेंच काढणार आहों. चिटणिसांनीं राग मानूं नये.

आमच्या हातीं जोतीरावांचें पुस्तक प्रथम आलें तें अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहांत. तोंवर आम्हांस वाटे कीं, प्रश्न विचारणें हें मोठ्या घरच्या मुलांचें काम. आपण उत्तरें पाठ करावीं आणि मार्क घ्यावे. त्या पुस्तकानें आम्हांस ताठ उभें केलें. पुढें नोकरी लागली, गांव मिळालें, आणि तालुक्याचें एक मंडळ मिळालें. मंडळाचें नांव सांगणार नाहीं. त्यांत चांगलीं माणसें होतीं व आजहि आहेत. भटाविना लग्नें लावणें, वसतिगृहासाठीं धान्य जमविणें, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणें, हीं कामें त्यांनीं पदरमोड करून केलीं. आमचें अक्षर बरें, म्हणून सभेचें इतिवृत्त लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें.

आठ वर्षांपूर्वीं जयंतीच्या तयारीची सभा चालली असतां एक अंगणवाडी सेविका उठून उभ्या राहिल्या. बाई मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नांतहि भट नव्हता. त्या म्हणाल्या, "मागल्या महिन्यात आपण एक सत्यशोधक लग्न लावलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. त्या लग्नात नवऱ्यामुलाला चारचाकी मिळाली अन् मुलीच्या बापानं दोन एकर विकले. भट दाराबाहेर ठेवला अन् हुंडा माजघरात घेतला, मग आपण बदललं तरी काय?"

नवरामुलगा मंडळाच्या एका पुढाऱ्याचा पुतण्या होता, हें सभेंत सर्वांस ठाऊक होतें. बाईंनीं मात्र कोणाचें नांव घेतलें नव्हतें.

गाडी आली कीं नाहीं, जमीन विकली कीं नाहीं, याची चौकशी करणें सोपें होतें. ती झाली नाहीं. एक जण म्हणाला, "विरोधकांच्या हाती कोलीत देता." दुसऱ्यानें विचारलें, "बाईंना हे शिकवतं कोण?" तिसऱ्यानें शोध लावला कीं बाईंची बहीण कुठल्याशा सत्संगाला जाते. अर्ध्या तासांत बाई मनुवादी ठरल्या. निषेधाचा ठराव आला, आणि तो लिहिला आम्हीं. त्यांत शुद्धलेखनाची एकहि चूक नाहीं. खालीं सह्या झाल्या. सहावी सही आमची आहे. बाई तेथेंच बसून होत्या. सगळ्या सह्या होईपर्यंत त्या उठल्या नाहींत. मग दारांतल्या ढिगांतून आपल्या चपला शोधल्या आणि गेल्या.

आम्ही भ्यालों होतों. कशाला, तें आजहि नीट सांगतां येत नाहीं. नोकरी जाणार नव्हती, कोणी मारणार नव्हतें. त्या खोलींतल्या माणसांनीं बाईंकडे ज्या नजरेनें पाहिलें त्या नजरेनें आपल्याकडे पाहूं नये, एवढेंच वाटत होतें. वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं संमत केला. तो व्हावा म्हणून ज्यांनीं घसा कोरडा केला त्यांत आमचें हें मंडळहि होतें!

त्या रात्रीं झोंप येईना म्हणून आम्हीं पुस्तकें काढलीं. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन झाला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें त्याचें मूळ तत्त्व. देवाकडे जाण्यास ज्यांनीं दलाल नाकारला त्या जोतीरावांकडे जाण्यास मात्र आतां दलाल लागतो. त्यांचें कोणतें वाक्य मोठ्यानें वाचावें, कोणतें गाळावें, आणि वाचण्याचा अधिकार कोणाला, हें ठरविणारे बसले आहेत. त्यांच्या अंगावर सोंवळें नाहीं, इतकाच फरक.

खुद्द जोतीरावांवर हा प्रसंग आपल्याच माणसांकडून आला होता. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' मुंबईच्या 'दीनबंधु' पत्रांत छापूं लागले. पहिलीं दोन प्रकरणें निघालीं आणि पुढचीं छापणें पत्रानें थांबविलें. पत्र चालवीत होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांनीं या भित्रेपणाबद्दल खरमरीत लिहून ठेवलें आहे. तुम्ही म्हणाल, लोखंडे भेकड होते. मुळींच नाहीं! गिरणी कामगारांस १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली ती याच गृहस्थांच्या खटपटीनें. विधवांचें केशवपन करणार नाहीं असा नाभिक बांधवांचा संप मुंबईंत झाला, त्यामागेंहि तेच होते. पत्र सांभाळण्याची त्यांची काळजी खरीच असावी. जोतीरावांनीं पुस्तक गुंडाळून ठेवलें नाहीं. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांपुढें बसून वाचून दाखविलें. आणि लोखंडे? ते १८९७ सालीं वारले तोंपर्यंत सत्यशोधकच राहिले. ११ मे १८८८ रोजीं जोतीरावांस 'महात्मा' म्हटलें गेलें तें मुंबईच्याच सभेंत. भांडण झालें, कडक शब्द गेले, पण भांडलेल्याचें नांव कोणीं वहींतून खोडलें नाहीं.

त्याहूनहि आम्हांस छळतें तें बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचें प्रकरण. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेवर जन्मलेलें मूल मारल्याचा खटला झाला. तिला फांशीची शिक्षा झाली, ती पुढें काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतले पुरुष मग सगळ्या बायकांच्या अनीतीवर लिहूं लागले. त्यांस ताराबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक काढून उत्तर दिलें. वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक. म्हणजे ही आपल्या घरचीच लेक. तिनें केवळ ब्राह्मण पुरुषांस झोडपलें असतें तर आपल्या मंडळींनीं तिला पालखींतून मिरविली असती. तिनें पुरुष तेवढा धरला, मग तो कोणत्याहि जातीचा असो. तेव्हां आपल्यांतल्याच पत्रकर्त्यांस मिरच्या झोंबल्या. १८८५ सालीं 'सत्सार'च्या अंकांत जोतीरावांनीं बाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांचे कान उपटले. त्यांनीं कान उपटले ते आपण विसरलों. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. पहिलें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हां छापलें, तोंवर ९३ वर्षें लोटलीं होतीं. या ९३ वर्षांत ब्राह्मणेतरांचीं पत्रें निघालीं, छापखाने झाले, परिषदा भरल्या. हें पुस्तक दडपण्यास भट आला नव्हता हो!

अलीकडचेंहि एक सांगतों. १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथर उभी राहिली. १९७३ च्या जाहीरनाम्यांत तिनें दलित या शब्दांत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया या सर्वांस घेतलें. केवढें मोठें दार! १९७४ च्या जानेवारींत वरळीच्या दंगलींत पोरांनीं मार खाल्ला, आणि त्याच सालीं दारांतच भांडण लागलें: बुद्ध कीं मार्क्स. राजा ढाले एकीकडे, नामदेव ढसाळ दुसरीकडे. ढसाळ कम्युनिस्ट ठरून बाहेर झाले, आणि १९७७ सालीं ढाल्यांनीं संघटना बरखास्त झाल्याचें जाहीर केलें. दोघेहि मोठे लिहिणारे. कोण बरोबर याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाहीं. पण ज्या वस्त्यांवर पाणवठा बंद केला जात होता, तेथें तुमचा बुद्ध कीं मार्क्स असें विचारून कोणीं पाणी अडविलें नव्हतें.

तुम्ही तरुण म्हणाल, शत्रु बलाढ्य आहे, अशा वेळीं घरचें धुणें चव्हाट्यावर कशाला? ही भीति खोटी नाहीं. आमच्या भांडणांवर टपून बसलेले पुष्कळ आहेत. पलीकडच्या आळींत तर प्रश्न विचारणारा देशद्रोही होतो. पण त्यांच्याकडून आमची अपेक्षा तरी काय होती? पूर्वीं आपल्यांत 'भटाळलेला' असा एक शब्द होता. तो एकदां कपाळीं लागला कीं माणूस काय म्हणतो हें ऐकण्याची गरज उरत नसे. शब्द बदलला, सोय तीच राहिली.

महिन्यानें आम्हीं ठराव मागें घेण्याची सूचना लेखी दिली. ती सभेंत वाचलीच गेली नाहीं. दुसऱ्यांदा दिली, तेव्हां आमच्यावर ठराव आला. भाषा ओळखीची वाटली. आमचीच होती ती. बाईंच्या जागीं गुरुजी घातले होते, एवढेंच. इतिवृत्त लिहिणारा नवा होता, त्यानें 'प्रतिगामी'मधला ति दीर्घ काढला. इतक्या माणसांत आमचें लक्ष त्या वेलांटीकडे गेलें, याला मास्तरकी म्हणतात.

त्यानंतर आम्ही बाईंच्या घरीं गेलों. एवढे दिवस कां गेलों नाहीं, असें त्यांनीं विचारलें नाहीं. चहा केला. आम्हीं माफी मागितली, तेव्हां म्हणाल्या, "गुरुजी, माफी या अंगणात अन् ठराव त्या वहीत. मला तो कागद एकदा वाचायचाय. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मी ऐकलं, पण पाहिलं नाही."

ती वही मंडळाच्या कपाटांत आहे. मंडळाचे दोन पदाधिकारी आज येथें पुढच्या रांगेंत बसले आहेत; ते आले याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहों. कपाटाची किल्ली त्यांच्यापाशीं असते. बाई मागें दाराशीं बसल्या आहेत. कचेरी येथून मोटारसायकलवर दहा मिनिटांची वाट आहे. वही आणवावी. तो ठराव आम्ही स्वतः सर्वांपुढें मोठ्यानें वाचूं, आणि मग बाईंनीं आपला प्रश्न पुन्हां विचारावा. तोंवर आम्ही येथेंच बसतों.