जावयाचा टॅक्स, मुलीची सही



लग्नसराई संपली की आम्हा करसल्लागारांकडे दुसरी सराई सुरू होते. डिसेंबरात मुलीचं लग्न झालेलं असतं. जावई अमेरिकेत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. रजा संपली म्हणून ते परत गेलेले असतात आणि मुलगी जोडीदाराच्या, म्हणजे एच-फोर व्हिसाच्या तारखेची वाट बघत इथेच असते. फेब्रुवारी उजाडला की जावयांचा फोन येतो, "बाबा, हिच्या पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स पाठवून द्या आणि दोन-तीन कागदांवर हिची सही घ्या. टॅक्सचं आहे." मग वडील ते कागद घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, टॅक्स जावयांचा, मग सही आमच्या मुलीची कशाला?"

हा प्रश्न विचारणारे वडील मला आवडतात. बहुतेक जण नुसतंच विचारतात की नोटरी कुठे बसतो.

आपल्याकडे लग्न झालं म्हणून प्राप्तिकरात काही फरक पडत नाही. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा, आणि ज्याचं त्याचं रिटर्न ज्याने त्याने भरायचं. थोडा अपवाद आहे तो आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे पोर्तुगीज अमदानीतला नागरी कायदा अजून चालतो. त्यानुसार नवरा-बायकोची मिळकत सामाईक मानतात, म्हणून १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात त्यांच्यासाठी कलम ५-अ घातलं गेलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं-निम्मं धरायचं. गंमत म्हणजे अमेरिकेतली गोष्टही अशाच मुळातून निघाली. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्पॅनिश वहिवाटीने नवरा-बायकोची कमाई दोघांची समजत. अशा राज्यांतल्या जोडप्यांना उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवता येईल, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली दिला. साहजिकच बाकीच्या राज्यांतली जोडपी कुरकुरू लागली. शेवटी १९४८ साली ही सवलत देशभरातल्या जोडप्यांना मिळाली. त्यालाच आपले जावई 'जॉइंट रिटर्न' म्हणतात.

यात पैसा किती वाचतो, ते बघू. समजा, जावयांचा पगार वर्षाला एक लाख डॉलर आहे आणि मुलीची कमाई काही नाही. २०२५ सालच्या उत्पन्नावर त्यांनी लग्न झालेला पण स्वतंत्र भरणारा म्हणून रिटर्न भरलं, तर १५,७५० डॉलरची सरसकट वजावट मिळते आणि केंद्राचा कर होतो साधारण १३,४५० डॉलर. तेच दोघांनी एकत्र भरलं, तर वजावट होते ३१,५०० आणि कर येतो ७,७५०च्या आत. म्हणजे ५,७०० डॉलर वाचले. शिवाय लग्न झालेलं आहे की नाही, हे ३१ डिसेंबरच्या तारखेला बघतात. मुहूर्त २८ डिसेंबरचा असला, तरी सवलत अख्ख्या वर्षाची. जावयांची घाई उगाच नसते.

आता अडचण येते नंबराची. अमेरिकेत रिटर्नवर सोशल सिक्युरिटी नंबर लागतो आणि एच-फोरवर आलेल्या मुलीला काम करायची परवानगी नसल्यामुळे तो मिळत नाही. जी अजून अमेरिकेत गेलीच नाही, तिचा तर प्रश्नच नको. अशांसाठी तिथल्या कर खात्याने, म्हणजे आयआरएसने, १९९६ पासून दुसरा एक नंबर द्यायला सुरुवात केली. त्याला आयटीआयएन म्हणतात. आकडे नऊच, पण सुरुवात नेहमी ९ने. या नंबराने नोकरी करता येत नाही की व्हिसा मिळत नाही. तो फक्त कराच्या कामाचा.

तो मिळवायची रीत मात्र उफराटी वाटते. पुष्कळ जण समजतात, आधी नंबर काढायचा आणि मग रिटर्न भरायचं. तसं नाही. नंबराचा अर्ज, त्याचं नाव डब्ल्यू-७, हा रिटर्नलाच जोडायचा असतो. रिटर्नवर बायकोच्या नंबराची जागा कोरी सोडायची, वर डब्ल्यू-७ लावायचा आणि सगळा गठ्ठा टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचा. कागदावरच, ऑनलाइन नाही. कर खातं आधी नंबर देतं आणि मग तेच रिटर्न पुढे सरकवतं. त्याला सात आठवडे लागतात आणि ऐन हंगामात किंवा अर्ज परदेशातून गेला असेल तर नऊ ते अकरा.

आणि नोटरी? ती चालत नाही. एकतर मूळ पासपोर्ट पाठवायचा, नाहीतर ज्या खात्याने पासपोर्ट दिला त्याच खात्याने प्रमाणित केलेली प्रत. आपल्या कोपऱ्यावरच्या नोटरीचा लाल शिक्का ऑस्टिनला गेला, तर अर्ज तसाच परत येतो आणि दोन-अडीच महिने वाया जातात. यातला खरा पेच वेगळाच आहे. मूळ पासपोर्ट ऑस्टिनला पाठवला, तर व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत काय दाखवणार? एकच पासपोर्ट दोन्हीकडे हवा असतो. म्हणून मी सांगते, इथे असलेल्या मुलीचा पासपोर्ट समुद्रापार धाडू नका. आयआरएसने अधिकार दिलेले एजंट असतात, आपल्या देशातही आहेत. ते मूळ पासपोर्ट स्वतः तपासतात, तसं प्रमाणपत्र अर्जाला जोडतात आणि पासपोर्ट आपल्याला परत देतात. त्यांची फी पडते, पण पासपोर्ट हरवल्यावर जी धावपळ होते तिच्यापुढे ती काहीच नाही. एजंटाचं नाव आयआरएसच्या यादीत आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. नुसती पाटी लावून बसलेलेही असतात.

अर्ज भरताना आपल्याकडच्या नावांचाही घोळ होतो. पासपोर्टवर मुलीचं नाव, मधे वडिलांचं, शेवटी माहेरचं आडनाव. लग्नाच्या दाखल्यावर मधे नवऱ्याचं नाव आणि आडनाव सासरचं. कुठे लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदललेलं. जावई हौसेने रिटर्नवर सासरचं नवं नाव टाकतात, अर्ज पासपोर्टप्रमाणे भरतात आणि ऑस्टिनमधल्या बिचाऱ्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. डब्ल्यू-७वर पहिल्या ओळीत आताचं नाव आणि त्याखाली जन्माच्या वेळचं नाव वेगळं असेल तर ते, अशा दोन ओळी असतात. पासपोर्ट बदललेला नसेल, तर अर्जावर आणि रिटर्नवर पासपोर्टातलंच नाव राहू द्या. सासूबाईंना वाईट वाटलं तर वाटू दे.

१५ एप्रिल ही रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली आणि कागद जमले नाहीत, म्हणून घाबरायचंही कारण नाही. अर्ज केला की १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढते. ती रिटर्न भरायची वाढते, कर भरायची नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. दुसरा मार्ग म्हणजे जावयांनी एकट्याचं, स्वतंत्र रिटर्न वेळेत भरून टाकायचं. तिथे बायकोच्या नंबराच्या जागी 'एनआरए', म्हणजे अनिवासी परदेशी, असं लिहिलं की चालतं. पुढे तीन वर्षांच्या आत दुरुस्तीचं रिटर्न भरून ते एकत्र करून घेता येतं आणि जास्तीचे पैसे परत मिळतात. याच्या उलट मात्र होत नाही. एकदा एकत्र भरलं आणि मुदत उलटली, की वेगळं करता येत नाही.

सहीचं एवढं काय, ते आता सांगते. फोनवर हे कोणी सांगत नाही.

मुलगी अमेरिकेत पुरेसे दिवस राहिलेली नसते. तिथे दिवस मोजायची कसोटी आहे: यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, त्याच्या आधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा, अशी बेरीज १८३ भरली आणि यंदाचे निदान ३१ दिवस असले, तर माणूस करापुरता रहिवासी. तुमची मुलगी तर विमानातही बसलेली नाही. म्हणजे ती अनिवासी, आणि अनिवासी बायकोबरोबर एरवी एकत्र रिटर्न भरताच येत नाही. ते भरता यावं म्हणून दोघांनी सही करून एक निवेदन जोडायचं असतं: आम्ही दोघं असं ठरवतो की हिलाही संपूर्ण वर्ष अमेरिकेची रहिवासी समजावं. जावयांनी मागितलेल्या सह्यांपैकी एक या कागदावरची असते. जावई स्वतः वर्षअखेरीला रहिवासी असले, तरच हा रस्ता खुला. ते अजून विद्यार्थी व्हिसाच्या पहिल्या पाच वर्षांत असतील, तर बहुधा तेही अनिवासीच, आणि मग हा विषयच संपला.

रहिवासी समजा म्हटलं, की त्या वर्षातलं तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये आलं. सांगलीची एखादी दंतवैद्य मुलगी डोळ्यांसमोर आणा. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत तिने दवाखाना चालवलेला. बँकेत मुदत ठेव. पीपीएफचं खातं, त्याचं व्याज इथे करमुक्त आहे, तिथे नाही. आजोबांनी नावावर केलेली दोन एकर द्राक्षबाग, तिचं उत्पन्न इथे शेतीचं म्हणून माफ, तिथे माफ नाही. आणि दरमहा जाणारी एसआयपी. आपल्या म्युच्युअल फंडांना तिथला कायदा परदेशी निष्क्रिय कंपनी समजतो. ते विकले तर कर आकारण्याची पद्धत इतकी जाचक आहे की तिथला अकाउंटंटही आधी सुस्कारा सोडतो आणि मग फी सांगतो.

म्हणून एकत्र भरू नये, असं मी म्हणत नाही. नुसतं लाखभर रुपये व्याज असेल, तर ते बाराशे डॉलरच्या आसपास होतं आणि वरच्या हिशेबात त्यावर कर दीडशे डॉलरसुद्धा पडत नाही. समोर वाचतात ५,७००. इथे भरलेल्या कराची वजावटही तिथे मागता येते. बहुतेक नव्या जोडप्यांना एकत्र भरणंच फायद्याचं पडतं. पण मुलीची कमाई मोठी असली किंवा फंड बरेच असले, तर दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघायला हवेत, आणि त्यासाठी जावयांना तिच्या खात्यांची माहिती हवी. प्रत्यक्षात होतं असं की सही घेतात, तिच्या उत्पन्नाच्या रकान्यात काहीच येत नाही आणि रिटर्न जातं. विचारलं तर उत्तर मिळतं, "ते इंडियातलं आहे हो." तो कागद नेमकं त्याच्या उलट सांगतो.

आणि एकत्र रिटर्नवरची सही म्हणजे एकत्र जबाबदारी. कर चुकला, व्याज चढलं, दंड बसला, तर खातं पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतं. चूक जावयांच्या शेअर विक्रीची असली तरी, आणि पुढे घटस्फोट झाला तरी. निर्दोष जोडीदार म्हणून सुटका मागायचा अर्ज आहे, पण मला काही ठाऊक नव्हतं हे तिला पटवून द्यावं लागतं. माझ्यासमोर बसलेल्या मुली बँकेच्या कर्जाचे कागद बारकाईने वाचणाऱ्या असतात. या कागदावर मात्र सही करतात, कारण नवऱ्याने पाठवलाय. निवेदनाचा मजकूर पानभरही नसतो. वाचायला वेळ लागत नाही.

ते एकदा दिलं, की पुढच्या वर्षांनाही लागू राहतं. मागे घेता येतं, पण मागे घेतलं की त्या दोघांना ती मुभा पुन्हा मिळत नाही.

आता पुन्हा नंबराकडे येऊ. आयटीआयएनचा फटका कसा बसतो, ते २०२० साली दिसलं. कोरोनाच्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने प्रौढ माणसामागे १,२०० डॉलर, जोडप्याला २,४०० द्यायचा कायदा केला. पण एकत्र रिटर्नवर एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तरी दोघांनाही काही मिळणार नव्हतं. अपवाद फक्त सैन्यातल्यांचा. वर्षानुवर्षं कर भरणारा नवरा बायकोच्या ९ने सुरू होणाऱ्या नंबरापायी कोरडा राहिला. यात आपली एच-फोरवाली घरं होती, तसेच परदेशी जोडीदार असलेले अमेरिकन नागरिकही. डिसेंबर २०२०च्या कायद्याने ही चूक दुरुस्त झाली आणि नंबर असलेल्याचा हिस्सा मागच्या तारखेपासून देऊ केला गेला. कमी उत्पन्नवाल्यांची एक मोठी सवलत मात्र अजूनही दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर असल्याशिवाय मिळत नाही.

शेवटी पुढच्या पायरीचं सांगून थांबते. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची पहिली मंजुरी आली, की एच-फोरवरच्या मुलींना कामाचा परवाना मागता येतो, मे २०१५ पासून ही सोय आहे. परवाना मिळाला की सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो आणि त्या दिवसापासून आयटीआयएन वापरायचा नाही. तो लगेच आपोआप रद्दही होत नाही. आयआरएसला पत्र लिहून कळवावं लागतं की माझे दोन्ही नंबरांचे हिशेब एकत्र करा. पत्राला नव्या कार्डाची प्रत आणि आयटीआयएन दिल्याचं जुनं पत्र, मिळालं तर, जोडायचं. ते जुनं पत्र साध्या पांढऱ्या कागदावर येतं, जाहिरातीच्या टपालात सहज जातं. त्याचा फोटो काढून मुलीने स्वतःच्या मेलवर ठेवावा, जावयांच्या नव्हे.