फोटो काढायला जाताना

 

आमच्या गटाला पुण्याच्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला, तेव्हा निरोप आला की ओळखपत्रासाठी आणि मसाल्याच्या पाकिटावर छापायला प्रत्येकीचा चांगला फोटो पाठवा. आम्ही अकरा जणी. पिशव्या उचकल्या, कपाटं उघडली, तर सात जणींकडं एकटीचा फोटोच नाही! कुणाचा लग्नाच्या अल्बमात, कुणाचा नातवाच्या बारशात कडेला अर्धा खांदा. आधार कार्डावरचा बघून एक म्हणाली, "अगं, मी एवढी आजारी कधी होते?"

मग तालुक्यातल्या फोटोवाल्या दादांनाच गावात बोलावलं. शाळेची एक खोली मागून घेतली. सगळ्या एकदम काढणार म्हणून दरही कमी झाला. ते सकाळी नऊला आले. दुपारी काढायचा नाही, म्हणाले, डोक्यावर ऊन आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. खिडकीकडं तोंड करून बसवलं, पाठीमागं साधी भिंत. फोटोचा सगळा खेळ उजेडाचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या टळतील. एकीनं तोंडाला पावडर लावली आणि मान तशीच राहिली. फोटोत तोंड एका बाईचं आणि मान दुसरीची. एकीनं केसाला इतकं तेल थापलं की कपाळ चकाकायला लागलं. दोघी पांढऱ्या साड्या नेसून पांढऱ्या भिंतीपुढं बसल्या, भिंत कुठं संपते नि बाई कुठं सुरू होते कळेना. गडद, एकरंगी, बारीक काठाची साडी फोटोत छान दिसते. चष्मा असेल तर काड्या कानावर जरा उचला, काचेवरची चकाकी जाते. पदर डोक्यावर असला तरी चालतो, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मोकळा हवा. पासपोर्ट साईज म्हणजे पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, त्यात चेहराच मोठा यायला हवा.

घरी मोबाईलवर काढणार असाल तर आधी काच पदरानं पुसा. आपल्या मोबाईलला पिठाचे नाहीतर तेलाचे हात लागलेलेच असतात. सेल्फी घेऊ नका, जवळून नाक मोठं दिसतं. दुसरीला चार-पाच फूट लांब उभं करा, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा. आणि तो चेहरा गोरा, गुळगुळीत करणारा फिल्टर बंद! बँकेत कागद दिल्यावर साहेब फोटो बघतील, मग आपल्याकडं बघतील, आणि परत फोटो बघतील. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापताना फोटो धूसर येतो.

साडीवरून वाद झाला. तरुण मुली म्हणाल्या, ड्रेस घालू, साडीत गावंढळ दिसतो. तेव्हा आमच्यातल्या मास्तरीणबाईंनी आनंदीबाई जोशींची गोष्ट काढली. 10 ऑक्टोबर 1885 ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात तीन विद्यार्थिनींचा फोटो निघाला. जपानच्या ओकामी, सिरियाच्या इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात. आनंदीबाई साडीतच. मुली गप्प झाल्या. तरी एकीनं ड्रेसच घातला, आणि तिला तो शोभलाही.

खरी अडचण मात्र दुसरीच होती. आमची एक मैत्रीण मागं भिंतीला टेकून उभी होती. मालक जाऊन चार वर्षं झालेली. "माझा नको. माझ्या हातची चटणी छापा, तोंड कशाला?" म्हणाली. आमच्यातल्या काहींनी घाई केली, टिकली लाव, बांगड्या घाल, आता सरकारनंसुद्धा सांगितलंय. खरंच आहे ते. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. पण ती आणखीच आक्रसली. चूक आमची होती. तिला हवं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग केडगावचा विषय निघाला. दौंडच्या बायकांना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ठाऊकच आहे. 1886 साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. त्या स्वतः विधवा. त्यांचे फोटो आजही आहेत: पांढरी साडी, आखूड केस, कपाळ मोकळं, नजर सरळ. 1989 साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं.

मैत्रिणीनं ऐकून घेतलं. थोड्या वेळानं पुढं आली आणि म्हणाली, "टिकली नाही लावणार. आहे तशीच काढा." निळी साडी, पदर खांद्यावर, कपाळ मोकळं. दादांनी तीनदा काढला, कारण पहिल्या दोन्ही वेळेला आम्हीच हसवलं तिला.

पाकिटं छापून आली. निघताना तिनं दादांना एक मोठी कॉपी मागितली. आमच्याकडं बाईचा मोठा फोटो भिंतीवर चढतो तो हार घालायलाच. दादांनी विचारलं, "फ्रेम करून देऊ का?" ती म्हणाली, "द्या. हार नको, खिळा तेवढा घट्ट लागला पाहिजे."