जुन्या गाडीच्या सीटखाली काय सापडतं?



जुनं कपाट विकत आणलं की त्याच्या खणात काहीतरी निघतंच. टिकल्यांचं पाकीट, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, रेशनची पावती. विकणारी बाई कपाट रिकामं करून देते, पण खणाचा कोपरा तिच्या नजरेतून सुटतो. मोटारींचंही तसंच आहे. त्यातल्या त्यात ज्या गाड्या समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात जातात, त्यांची गंमत आज आम्ही सांगणार आहोत. गंमत आहे, आणि थोडी काळजीचीही गोष्ट आहे.

जपानमध्ये गाडी जुनी झाली की ती ठेवणं परवडत नाही. नवी घेतल्यावर ३ वर्षांनी आणि पुढे दर २ वर्षांनी सक्तीची तपासणी, तिचा खर्च मोठा. पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली की करही वाढतो. म्हणून चांगल्या चालत्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि बोटीने केनिया, टांझानिया, युगांडा, न्यूझीलंड अशा देशांत पोचतात. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गाडी जशीच्या तशी चालते. आपल्याकडे मात्र अशा गाड्या फारशा येत नाहीत. ३ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, आणायची तर मुंबई बंदरातूनच, वर जबर कर.

आता या गाड्यांत निघतं काय? सीटच्या फटीत नाणी. जपानचं ५ येनचं नाणं पिवळं असतं आणि मधोमध भोक. किंमत आपल्या ३ रुपयांच्या आसपास, पण त्याचा जपानी उच्चार आणि ‘ऋणानुबंध’ या अर्थाचा त्यांचा शब्द सारखाच ऐकू येतो. म्हणून तिथले लोक देवळात हेच नाणं आवडीने वाहतात.

आरशाला किंवा कप्प्यात कापडी ताईत मिळतो. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून देवळातून आणलेला. आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो, तसंच म्हणा. तो उघडून बघायचा नसतो, आणि वर्षभराने देवळात परत नेऊन द्यायची रीत आहे. गाडीच विकली गेली की तो तसाच बोटीत चढतो.

पुढे बसणाऱ्याच्या पायाशी एक लाल कांडी अडकवलेली असते. ती मात्र गंमतीची वस्तू नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर मागच्यांना दिसावं म्हणून पेटवायची ती मशाल आहे. जपानमध्ये गाडीत अशी खूण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. नव्या मालकाला लिपी वाचता येत नाही, आणि पोरांच्या हाती लागली तर फटाकाच वाटायचा.

काही गाड्या चावी फिरवली की बोलतात. एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगते. नवा मालक रोज ऐकतो, अर्थ कळत नाही. ती बिचारी एवढंच म्हणत असते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. कार्ड मालकाने काढून नेलं, यंत्र आणि बाई गाडीतच राहिली!

पण आमचं लक्ष अडकलं ते रस्ता दाखवणाऱ्या पडद्याशी. त्यात जुन्या मालकाने आपलं घर नोंदवून ठेवलेलं असतं. पुसलं नाही तर हजारो किलोमीटर दूरच्या माणसाला एक बटण दाबलं की कुणाचं तरी घर नकाशावर दिसतं. फोन जोडलेला असेल तर नावं आणि नंबरही. नाणं राहिलं तर ३ रुपये गेले. पत्ता राहिला तर काय गेलं, हे सांगता येत नाही.

आणि हे आपल्याला लागू आहे, बरं का. बचत गटाचा जुना टेम्पो विकला, घरची जीप दिली, तर काचेवरचा फास्टॅग तिथेच राहतो. तो आपल्या खात्याला जोडलेला. गाडी दुसऱ्याची, टोल आपल्या खात्यातून! तो बँकेला कळवून बंद करायचा. टेपमध्ये फोन जोडला असेल तर तोही काढून टाकायचा.

सगळ्यात जड वस्तू राहते ती आपलं नाव. पैसे हातात पडले, गाडी गेली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर कागदावर मालक आपणच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरायचे असतात. ‘घेणारा करेल की’ म्हणून सह्या केलेले कोरे कागद देऊन मोकळं होणं आम्हाला पटत नाही. घेणारा ओळखीचा असला, दाजी असले, तरीही नाही. त्याच्याबरोबर जाऊन यायचं.

जाता जाता रेडिओचं सांगतो. जपानमध्ये एफएम ७६ पासून सुरू होतं, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचे रेडिओ ९० वर थांबतात. आपल्याकडे सुरुवातच ८८ च्या आसपास. म्हणजे ९०.४ वर लागणारं एखादं गावचं केंद्र अशा गाडीत ऐकूच येणार नाही. न्यूझीलंडमध्ये लोक त्यासाठी एरियलच्या तारेला एक छोटी डबी जोडून घेतात, मग तिथली स्टेशनं लागतात.

तुम्ही घेतलेल्या जुन्या गाडीत, स्कुटीत काय सापडलं होतं? केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर गटाच्या बैठकीत लिहून द्या. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. नमस्कार.