काठावरचा साग
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



मी डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, गिट्टी आणि स्लीपर हा माझा विषय. वनस्पतिशास्त्रावर मी बोलणार हे कळल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "घरातली तुळस तरी जगवा आधी." तरीही बोलतो, कारण माझी नऊ झाडे मेली आहेत.

झाले असे. सहा वर्षांपूर्वी आम्ही कॉलनीत सागाची बारा रोपे लावली. एका नर्सरीतून आणली होती. सरळ, टवटवीत, हाताएवढ्या पानांची. बी कुठले, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पाला पडला. नवीन आलेल्यांसाठी सांगतो, बुंदेलखंडातला 'पाला' म्हणजे आपला झाडाचा पाला नव्हे, रात्री गोठणारे दव! सकाळी पाने उकडल्यासारखी काळी पडली होती. नऊ रोपे गेली, तीन बुडापासून पुन्हा फुटली.

म्हणून वाचायला लागलो. सागाचा नैसर्गिक वावर भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस एवढाच. भारतात त्याची उत्तरेकडची हद्द अरवलीतून निघून झाशी, बांदा असे करीत आग्नेयेला महानदीकडे उतरते. झाशीजवळ ती साधारण साडेपंचवीस अक्षांशावर आहे, म्हणजे आपण बसलो आहोत त्या मांडवाच्या आसपासच. आलापल्लीचा साग आकाशाला टेकतो. इकडच्या खडकाळ जमिनीवर तोच साग बुटका आणि वाकडा होतो. पण तो पिढ्यान्पिढ्या इथला पाला आणि मे महिन्याची लू सोसत आला आहे.

आता त्याचा संसार पाहू. सागाला फुलोरा येतो तो ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या दिवसांत. बारीक पांढरी फुले, एकेका तुऱ्यात शेकड्यांनी. प्रत्येक फूल एकाच दिवसाचे. मधमाश्या आणि इतर किडे परागकण नेतात. स्वतःच्याच झाडाचा पराग साग सहसा स्वीकारत नाही. सगोत्र विवाह त्याला मान्य नाही म्हणा ना! त्यामुळे इतकी फुले येऊनही फळे धरतात ती थोडीच. फळात चार कप्पे असतात, पण बरेचसे रिकामे. त्यात कवच इतके टणक की आळीपाळीने भिजवून वाळवल्याशिवाय ते नीट रुजत नाही.

दाट जंगलात हे सगळे निभते. हद्दीवर मात्र झाडे तुरळक, एका टेकडीवर दहा तर पुढची कोसभर लांब. शेजारची झाडे बहुधा भावंडेच. बाहेरचा पराग आला नाही तर फळे पोकळ राहतात आणि साग तोडलेल्या बुंध्यातून फुटवे काढून दिवस ढकलतो. झाड नवे दिसते, मूळ तेच जुने.

मग बाहेरचा पराग भरपूर आला तर बरे? इथे जे.बी.एस. हाल्डेन यांचा विचार फार मोलाचा वाटला. हे इंग्रज शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९५६ मध्ये मांडले की वावराच्या मध्यभागी संख्या मोठी असते, तिथली जनुके सतत काठाकडे येत राहतात आणि काठावरच्यांना तिथल्या हवेशी जुळवून घेऊ देत नाहीत. म्हणजे थंडी सोसण्याचा गुण एका पिढीने कमावावा आणि पुढच्या पिढीत तो पातळ व्हावा. पराग अजिबात नाही तरी पंचाईत, फार झाला तरी पंचाईत.

मधमाशी पराग नेऊन नेणार किती लांब? फळ जड, तेही झाडाखालीच पडते. खरा लांबचा प्रवास माणूस घडवतो. एक ट्रक रोपे आली की हजार किलोमीटर दूरची जनुके एका दिवसात झाशीत! ती झाडे जगली तर फुलणार आणि त्यांचा पराग शेजारच्या जुन्या सागावर जाणार. माझी नऊ मेली, याचे मला आता तेवढे दुःख नाही. चिंता आहे ती उरलेल्या तिघांची. ती काटक निघाली, की नुसती नशीबवान? दोन-चार हिवाळे आणखी पाहावे लागतील.

थोडे विषयांतर. १७४२ साली नारोशंकर इथे आले, तेव्हापासून आपली मराठीही काठावरच नांदते आहे. माझी मुलगी आईला "रोटी बनव" म्हणते. पुण्याहून आलेली माझी वहिनी "पोळी कर" असे दुरुस्त करते. दोघींचे पटते, हे विशेष.

आता कामाचे. सागाची फळे हिवाळ्यात गळतात. वनखात्याची परवानगी मिळाली तर डिसेंबरमधल्या एका रविवारी ललितपूरकडच्या जंगलात जाऊन जुन्या झाडांखालची फळे गोळा करू. एकाच झाडाची नकोत, लांबलांबच्या वीस-पंचवीस झाडांची थोडी थोडी घ्यायची आणि प्रत्येक पिशवीवर जागा लिहायची. पोती मी आणतो. डबे ज्याचे त्याने आणावेत. भिजवणे-वाळवणे माझ्या क्वार्टरच्या गच्चीवर होईल, सौं.ची परवानगी अजून घ्यायची आहे.