पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर

स्पोर्ट बाइकचा पुढचा ब्रेक मऊ लागतो, लिव्हर फार आत येतो, म्हणून मोठा मास्टर सिलिंडर बसवायचा विचार अनेक जण करतात. आधी यामागचं गणित समजून घेऊ.

पिस्टन १६ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटरचा घेतला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतं. लिव्हर कमी दाबूनही तेवढंच तेल पुढे ढकललं जातं, त्यामुळे ब्रेक कडक लागतो. पण तेवढाच दाब निर्माण करायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो! म्हणजे ‘मोठा तितका चांगला’ हे इथे खरं नाही. पुढे दोन डिस्क असलेल्या गाडीला १९ साधारणपणे जुळतो; एकाच डिस्कच्या गाडीला तो बहुधा लाकडासारखा कडक वाटेल. ब्रेम्बोच्या आरसीएस १९ या मास्टर सिलिंडरमध्ये लिव्हरचा टेकू १८ किंवा २० मिलिमीटरवर ठेवता येतो, म्हणजे जोर आणि चाल यांचा मेळ थोडा बदलता येतो. माझ्या मते ही सोय मोलाची.

मात्र खर्च करण्यापूर्वी जुनं ब्रेक ऑइल बदलून, सगळी हवा काढून पाहा. कित्येकदा दुखणं तिथेच असतं.

नवा सिलिंडर बसवलाच, तर बँजो बोल्टचे वॉशर नवे घ्या, गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच ब्रेक ऑइल भरा आणि ते टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका. एबीएसच्या गाडीत हवा काढायला काही वेळा निदान यंत्र लागतं. ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.