मेंदूचें जाळें आणि यदृच्छेचा कौल



कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणें-बंगळूर महामार्गावर, कागल हें गांव आहे. राजर्षि शाहू महाराजांचें जन्मघराणें, कागलकर घाटगे, तें याच गांवचें. आतां अशी कल्पना करा, कीं या गांवांतील ९० घरें आपण निवडलीं आणि प्रत्येक घरांतला दिवा रात्रभर केव्हां लागतो व केव्हां मालवतो, याची नोंद ठेविली. ज्या दोन घरांचे दिवे वारंवार बरोबरच लागतात व बरोबरच मालवतात, त्या घरांचा एकमेकांशीं घरोबा असावा, असा तर्क आपण करूं. आंत कोण कोणाशीं काय बोललें, हें मात्र आपणांस कळणार नाहीं.

मेंदूचें जाळें शास्त्रज्ञ पाहतात तें असेंच, बाहेरून. मेंदूचा जो भाग काम करूं लागतो, तेथल्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण बदलतें. हा बदल चुंबकीय यंत्रानें टिपतां येतो, हें १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविलें. पुढें १९९५ सालीं भरत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें, कीं मनुष्य स्वस्थ पडून असतांनाहि हातांची हालचाल करविणारे डावे-उजवे भाग एकाच तालावर चढत-उतरत असतात. तेव्हांपासून, मेंदूचे भाग पाडून कोणाचा ताल कोणाशीं जुळतो, याचे नकाशे निघूं लागले.

खरी अडचण येथून पुढें आहे. ९० भागांच्या जोड्या होतात ४,००५. रोगी व निरोगी असे दोन गट घेऊन, प्रत्येक जोडीबद्दल ‘येथें फरक आहे काय?’ असें विचारावयाचें. निव्वळ योगायोगानें विसांत एकदां फसगत झाली तरी चालेल, ही शास्त्रांतील रूढ सवलत. एका प्रश्नापुरती ती ठीक आहे. पण ४,००५ प्रश्नांना तीच लावली, तर दोन गटांत तिळमात्र फरक नसतांहि सुमारें २०० खोटे होकार पदरांत पडतात! रंगीत नकाशावर २०० रेघा म्हणजे केवढा शोध वाटावा! २००९ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं एक मेलेला सॅमन मासा यंत्रांत ठेवून त्याला माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं. तेथें प्रश्न जाळ्याचा नव्हता, भागांच्या जागृतीचा होता. पण सैल कसोटी लावतांच त्या मेलेल्या मेंदूंतहि ‘जागृति’ दिसली. कसोटी कडक केली, तेव्हां ती नाहींशी झाली.

मग प्रत्येक जोडीसाठीं कसोटी ४,००५ पट कडक करावी काय? त्यानें खोटे होकार आवरतात, हें खरें. परंतु सुमारें ऐंशी हजारांत एकदांच घडेल असा पुरावा प्रत्येक जोडीकडे मागितला, तर खरे परंतु सूक्ष्म फरकहि गाळले जातात. यावर अँड्र्यू झालेस्की, अॅलेक्स फोर्निटो व एडवर्ड बुलमोर यांनीं २०१० सालीं एक मधला मार्ग सुचविला. सुटी जोडी न पाहतां, एकमेकींस लागून असलेल्या जोड्यांचा घोस पाहावयाचा. मग ‘रोगी’ व ‘निरोगी’ या चिठ्ठ्या पिसून त्याच माणसांना वाटेल तशा वाटावयाच्या, आणि त्या बनावट गटांत सर्वांत मोठा घोस केवढा निघतो, तें मोजावयाचें. हें हजारों वेळां करावयाचें. खरा घोस यदृच्छेच्या या घोसांहून क्वचितच लहान ठरला, तरच तो मान्य. चिठ्ठ्या पिसण्यामागची कल्पना जुनी आहे, आर. ए. फिशर यांनीं १९३५ सालींच ती मांडिली होती. या मार्गाचें मोलहि द्यावें लागतें. घोस खरा असें म्हणतां येतें. त्यांतील अमुकच दुवा खरा, असें म्हणतां येत नाहीं.

आणि चिठ्ठ्या कितीहि पिसल्या तरी एक दोष उरतोच. कागलांत वीज गेली तर सारे दिवे एकदम मालवतील. त्यावरून सगळ्यांची सोयरीक सिद्ध होत नाहीं. यंत्रांत निजलेल्याचें डोकें किंचित् हललें, तरी असाच प्रकार होतो. जोनाथन पॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं दाखविलें, कीं अशा हालचालीनें जवळच्या भागांचे संबंध फुगतात व दूरचे खंगतात. मुलें व रोगी अधिक हलतात; तेव्हां जो फरक रोगाचा म्हणून गणला जातो, तो पुष्कळदां चुळबुळीचा असूं शकतो. यदृच्छेपासून गणित रक्षण करील. वांकड्या मोजमापापासून नाहीं.

हें शास्त्र आपल्या भागाला परकें नाहीं. वसंत शंकर हुजूरबाजार हे १९१९ सालीं कोल्हापुरांत जन्मले, केंब्रिज येथें हॅरोल्ड जेफ्रीज यांच्यापाशीं शिकले आणि १९५३ सालीं पुणें विद्यापीठांत त्यांनीं संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. पुराव्याचें वजन कसें करावें, हाच त्या गुरुशिष्यांच्या चिंतनाचा विषय होता.

या विचाराची गरज आज घरोघरीं आहे. एखाद्या अबोल किंवा चंचल मुलाच्या आईबापांपुढें मेंदूचा रंगीत नकाशा ठेवून, ‘हा दुवा तुटला आहे’ असें कोणी सांगितलें, तर त्यांचा धीर खचणें स्वाभाविक आहे. त्यांनीं शांतपणें विचारावें: किती जोड्या तपासल्या? योगायोगाची परीक्षा घेतली काय? डोकें किती हललें? आणि शेवटीं हेंहि, कीं शेंकडों मुलांच्या सरासरींतला फरक या एका मुलाला लागू करण्यास आधार कोणता? या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्या रेघांवरून मुलाचें भवितव्य ठरवूं नये. त्याला पाहणारा, त्याच्याशीं बोलणारा, त्याचा वेळोवेळीं अदमास घेणारा वैद्य हाच तोंवर अधिक विश्वासाचा.