वस्तुसंग्रहालय कसे दाखवावे?



अलिबागकडील शाळांची सहल मुंबईस निघते, तेव्हा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मांडव्यास लाँच धरावयाची, गेटवे ऑफ इंडियापाशी उतरावयाचे, तेथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावयाचे आणि तासाभरात सारी दालने उरकून बाहेर पडावयाचे. निसर्गविज्ञानाच्या दालनात मुले वाघापुढे ओरडतात, गव्यापुढे थबकतात, रोहित पक्ष्यांच्या देखाव्यापुढे एकमेकांस ढकलतात, आणि मागून गुरुजींचा आवाज येतो, "चला, पुढे चला!" दुसऱ्या दिवशी वर्गात 'काय पाहिले?' असे विचारले, तर उत्तर मिळते, 'पुष्कळ प्राणी पाहिले.' हा दोष मुलांचा नव्हे. जसे दाखविले, तसेच त्यांनी पाहिले.

संग्रह कसा दाखवावा, याचा एक उत्तम दाखला याच मुंबईत घडलेला आहे. सुमारे १९०८ सालची गोष्ट. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला एक मुलगा खेतवाडीत मामाच्या घरी वाढत होता. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर हळद लागल्यासारखा पिवळा डाग! ही कोणती चिमणी, असे त्याने मामांस विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांस उत्तर ठाऊक नव्हते. पण त्यांनी मुलास गप्प बसविले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली निसर्गेतिहासाची संस्था मुंबईत होती व मामा तिचे सभासद होते. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्यास तिकडे धाडले.

मुलगा बुजतच साहेबांपुढे उभा राहिला. मिलार्ड यांनी आपले काम बाजूस ठेवून चिमणी पाहिली आणि ही पीतकंठी चिमणी आहे, असे सांगितले. तेवढ्यावर ते थांबले असते, तरी कोणी त्यांस नाव ठेवले नसते. परंतु त्यांनी मुलास आत नेले आणि संस्थेच्या संग्रहातील खणांमागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. जाताना पक्ष्यांवरील काही पुस्तके वाचावयास दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे टिकवावे, हे शिकविण्याचीही तयारी दर्शविली. तो मुलगा म्हणजे पुढे जगन्मान्य झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली होत.

मिलार्ड हे काही शिक्षक नव्हते, पण त्यांची रीत शिक्षकाने ध्यानी धरावी अशी आहे. प्रथम, त्यांनी आरंभ मुलाच्या हातातील वस्तूपासून केला. आपणास काय ठाऊक आहे, यापासून नव्हे. दुसरे, नाव सांगून ते थांबले नाहीत. त्या एका पक्ष्याच्या मागे केवढे कुळ आहे, हे त्यांनी मुलास डोळ्यांनी पाहू दिले. तिसरे, मुलास त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठविले नाही. पुस्तक दिले आणि करावयास काम दिले.

गोष्ट येथे संपत नाही. तिचा पुढील भाग रायगडच्या किनाऱ्यावर घडला. १९२६ साली सालिम अली यांस मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. त्या काळी या संस्थेस प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. ज्यास कोणी एकाने संग्रह दाखविला होता, तोच आता इतरांस संग्रह समजावून देऊ लागला. १९२८ साली ते रजा घेऊन बर्लिनच्या संग्रहालयात अधिक अभ्यासासाठी गेले. १९३० साली परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. नोकरी नाही, अशा स्थितीत पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीम येथे येऊन राहिले.

तेथे कपाटे नव्हती की खण नव्हते. होती ती झाडाला लोंबणारी सुगरणीची घरटी. पावसाळ्यात सालिम अली या घरट्यांपुढे तासन् तास बसून राहिले. नर गवताची व पात्यांची चिरफळे आणून घरटे विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. तिच्या पसंतीस उतरले तर नर ते पुरे करतो. मादी अंडी उबवू लागली की हा गृहस्थ जवळच दुसरे घरटे बांधावयास घेतो आणि दुसऱ्या मादीस बोलावू लागतो. हा सारा व्यवहार त्यांनी उकलला व त्यावरील लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाषेत 'सुगरण' स्त्रीलिंगी आहे, पण विणकर मात्र नर आहे! ही गोष्ट काचेच्या कपाटातील घरटे कितीही वेळ पाहिले, तरी कळणारी नव्हती. वस्तू काय आहे, हे संग्रहालय सांगते. ती कशी घडते, हे गावच सांगते.

तेव्हा सहलीपूर्वी शिक्षकाने मुलांस गावातील एकच वस्तू नीट पाहावयास सांगावी. खाडीवरचा बगळा असो, समुद्रकाठचा शिंपला असो, विहिरीवरचा खोपा असो. प्रत्येकाने एक प्रश्न वहीत लिहून न्यावा. संग्रहालयात चार-पाच मुलांचा गट करून, ज्या वस्तूविषयी प्रश्न आहे तिच्यापुढे पंधरा मिनिटे थांबावे. चोच, पाय, पंख यांची तुलना करावी. खालची पाटी मुलांकडूनच वाचवून घ्यावी. इतर दालने राहिली तर राहू द्यावी. परतल्यावर तीच वस्तू पुन्हा गावात पाहावी.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मिलार्ड यांच्या काळी पक्षी मारून नमुने जमविण्याची रीत होती. आज ती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा गोष्टींस बंदी घातलेली आहे. शाळेच्या कोपऱ्यातील संग्रहात गळून पडलेले पीस, रिकामा शिंपला, वाऱ्याने खाली पडलेले जुने घरटे एवढेच असावे.

तरीही एखादे दिवशी एखादा मुलगा बेचकीने पाडलेली चिमणी मुठीत लपवून शाळेत येईलच. एकशिक्षकी शाळेत चार इयत्तांचा गलबला चालू असतो, हजेरीपट अपुरा असतो, आणि नेमका तेव्हाच तो विचारतो, "गुरुजी, ही कोणती?" पक्षी मारू नये, हे त्यास सांगावयाचेच आहे. पण ते सांगून झाल्यावर त्याच्या प्रश्नास उत्तरही द्यावयाचे आहे. उत्तर ठाऊक नसेल, तर मामांप्रमाणे 'ठाऊक नाही, चल, विचारू' असे म्हणण्यात शिक्षकास कमीपणा नाही. खेतवाडीच्या त्या मुलास नुसती छडी मिळाली असती, तर किहीमच्या झाडावरील विणकर कोण, हे सांगावयास तो तेथे आलाच नसता.